जुनी हायफाय घरी आणल्यावर: पहिला तास आणि पुढचं सगळं

चाळीस वर्षं माळ्यावर धूळ खाऊन टिकलेला ॲम्प्लिफायर खाली उतरवल्यावर पहिल्या तासातच जळतो, हे बऱ्याचदा पाहिलंय. धूळ पुसली, पिन लावली, बटण दाबलं, आवाज येत नाही म्हणून व्हॉल्यूम पुरता उजवीकडे फिरवला, आणि धूर. रेकॉर्ड प्लेअरचं तेच. कधी बदलली होती कोणास ठाऊक अशी सुई, आणि तिच्याखाली घरातली सगळ्यात लाडकी तबकडी. म्हणून या लेखात 'काय करा' इतकंच 'काय करू नका' हेही आहे.

क्रमही मुद्दाम ठरवलेला आहे: आधी हेडफोन, मग ॲम्प्लिफायर, मग टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, शेवटी स्पीकर. साध्या हेडफोनमध्ये घरातली वीज येत नाही, त्यामुळे तो उघडून बिघडला तरी जिवावर बेतत नाही. त्याच्यावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग दोन्हीचा हात बसतो. शिवाय वन आरकेमध्ये रात्री अकरानंतर ऐकायची दुसरी सोय तरी कुठली?

हत्यारं फार लागत नाहीत. एक डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग गन, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, मऊ ब्रश, दोन-तीन मापांचे स्टार स्क्रूड्रायव्हर आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं.

घेताना काय बघायचं

मुंबईचा चोर बाजार आणि पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणं. पण माझं मत विचाराल तर उत्तम माल नातेवाइकांच्या माळ्यावर असतो. गल्फहून किंवा बोटीवरून आलेला जपानी रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत), सोनोडाइनचा नाहीतर कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर, एचएमव्हीचा सुटकेससारखा बंद होणारा फिएस्टा. अशा वेळी काकांना एकच प्रश्न विचारायचा: "चालू असताना बाजूला ठेवला होता, की बिघडल्यावर?" नवा टीव्ही आला, जागा हवी होती म्हणून ठेवलेला सेट बहुधा थोड्या मेहनतीत उभा राहतो. बिघडल्यावर ठेवलेला असेल तर आधी कुणीतरी तो उघडलेला असण्याची शक्यता जास्त.

बाजारात "एकदम चालू आहे साहेब" या वाक्याला काही अर्थ नाही. सेट उलटा करून स्क्रू बघा. स्क्रूची डोकी घासून गोल झाली असतील तर आत बरेच हात लागलेत. मग मागचा फ्यूज काढून बघा. त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला दिसला, किंवा फ्यूजच्या जागी जाड तार दिसली, तर सेट खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतोय हे न शोधता कुणीतरी त्याचा गळाच आवळलाय. वरच्या जाळीला नाक लावा. जुन्या धुळीचा वास चालेल, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा उग्र वास नको. सगळे नॉब फिरवून बघा. खरखर ही घाण, ती निघते. पण नॉब अडकत असेल किंवा गरगर फिरत असेल तर पार्ट शोधावा लागेल, आणि जुना चार कड्यांचा व्हॉल्यूम कंट्रोल शोधणं म्हणजे डोकेदुखी.

पहिली पायरी: हेडफोन

घरी बसून संगीत ऐकण्यासाठीचा पहिला स्टिरिओ हेडफोन म्हणून अमेरिकेतल्या कॉस कंपनीच्या १९५८ सालच्या एसपी-३ चं नाव घेतलं जातं. त्याआधी हेडफोन असायचे ते टेलिफोन ऑपरेटर आणि रेडिओवाल्यांच्या कानावर. नवख्याने इतकं मागे जायची गरज नाही. सुरुवातीला मी तीन नावं सुचवीन. सेनहायझरचा १९६८ सालचा एचडी ४१४, मागून उघडा असलेला पहिला हेडफोन, पिवळ्या स्पंजमुळे लांबूनही ओळखू येतो. ऑस्ट्रियातल्या एकेजीचा सत्तरच्या दशकातला के २४०, स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला. आणि कॉसचा पोर्टा प्रो, जो १९८४ साली आला आणि जवळपास त्याच रूपात अजून नवा मिळतो. जुन्या वस्तूची धास्ती वाटत असेल तर पोर्टा प्रोपासून सुरुवात करावी. स्पंज स्वस्त, सुटे भाग मुबलक.

जपानच्या स्टॅक्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन मात्र पहिल्या खरेदीत घेऊ नका. आवाज अप्रतिम असतो हे खरं, पण त्यांना स्वतःचा वेगळा पुरवठा लागतो, जुन्या जातीला २३० व्होल्टचा बायस (सतत द्यावं लागणारं व्होल्टेज) आणि नंतरच्या 'प्रो' जातीला ५८० व्होल्टचा. इतके व्होल्ट कानाशी असताना शिकाऊ हात नकोत.

आता तपासणी. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजायच्या खुणेवर ठेवा. स्टिरिओ प्लगवर तीन भाग दिसतात: टोक म्हणजे डावा कान, मधली कडी म्हणजे उजवा, आणि मागचा लांब भाग दोघांचा सामाईक. एक प्रोब मागच्या भागाला, दुसरा टोकाला. प्रोब टेकताच डाव्या कपात बारीक 'टक्' ऐकू आलं की समजायचं, ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) जिवंत आहे. आकडा कपावर छापलेल्या ओहमच्या जवळपास, बहुधा थोडा कमी येतो. मग कडीवर तेच. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. आता प्रोब तसेच धरून कुणाला तरी वायर हळूहळू वाकवायला सांगा, आधी प्लगपाशी, मग कपात शिरते तिथे. आकडा उड्या मारायला लागला की तुटलेली जागा सापडली. दहातले आठ 'एका कानाने ऐकू न येणारे' हेडफोन या दोन ठिकाणीच तुटलेले असतात आणि लोक ड्रायव्हर गेला म्हणून भंगारात देतात.

दुरुस्ती सोपी आहे. प्लगपाशी तुटली असेल तर तिथून दोन इंच कपाच्या बाजूला वायर कापायची आणि नवा प्लग सोल्डर करायचा; कपापाशी तुटली असेल तर तुटका भाग कापून वायर पुन्हा कपात सोल्डर करायची. अडचण एकच येते. हेडफोनच्या बारीक तारांवर रंगीत वार्निशचा थर असतो आणि त्याच्यावर सोल्डर धरत नाही. ब्लेडने खरवडू नका, तार तुटते. गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवून धरा. वार्निश धूर होऊन जातं, तार चकचकीत होते, मग ती कुठेही लावा. धूर छातीत घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. रंगांवर विश्वास ठेवू नका, कुठली तार कुठल्या कानाची हे मीटरनेच ठरवा.

काही जुन्या युरोपीय हेडफोनना पाच पिनांचा डिन प्लग असतो. तो कापायच्या आधी बाजारात ॲडॉप्टर मिळतो का ते बघा, कारण मूळ प्लगसकट हेडफोनची किंमत जास्त येते. बाकी बहुतेकांना ६.३५ मिलिमीटरचा जाड प्लग असतो. जाडाचा बारीक करणारं ठोकळ्यासारखं ॲडॉप्टर मोबाइलला लावू नका, त्याच्या वजनाने सॉकेट सैल होतं. मध्ये छोटी वायर असलेलं घ्या.

मग गाद्या. तीस-चाळीस वर्षांनी रेक्झिनच्या गाद्यांचे काळे पापुद्रे कानाला, मानेला, शर्टाच्या कॉलरला चिकटायला लागतात. त्या धुऊन उपयोग नाही, बदलायच्याच. कपड्याच्या किंवा मखमली गाद्या मात्र बेबी शाम्पूच्या कोमट पाण्यात हलक्या दाबून धुता येतात. सावलीत वाळवा. आतला पातळ स्पंज बोट लावताच भुसभुशीत चुरा होतो, आणि हा चुरा ड्रायव्हरच्या पडद्यावर गेला की बेसला फरफर येते. अशा वेळी कप पालथा धरा आणि मऊ ब्रशने चुरा खाली पाडा. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा मोह होईल, लावू नका. पडदा ओढला जाऊन कायमचा सुरकुततो. फरफर तरीही राहिली तर पडद्यावर एखादा केस टेकलाय का बघा. निम्म्या वेळा तोच गुन्हेगार असतो.

जोडायचा कशाला? इथे ओहमचा हिशेब कळला पाहिजे. समजा मोबाइलने एक व्होल्ट दिला. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून ३१ मिलिवॅट मिळतात, ६०० ओहमच्या के २४० ला जेमतेम १.७. एचडी ४१४ तर २००० ओहमचा. म्हणून हे जुने हेडफोन मोबाइलवर मरगळलेले वाटतात आणि लोक म्हणतात, "नाव मोठं, लक्षण खोटं." जुन्या रिसीव्हरवर मात्र ते खुलतात. त्यात हेडफोनचं सॉकेट बहुधा स्पीकरच्याच आउटपुटवरून काहीशे ओहमचा रेझिस्टर टाकून काढलेलं असतं. व्होल्टेज भरपूर मिळतं, आणि २००० ओहमच्या हेडफोनला मधल्या काहीशे ओहमचा त्रास होत नाही. ६०० वाल्यालाही सहसा चालतं. उलट आजचा १६-३२ ओहमचा हेडफोन तिथे लावलात तर बेस फुगलेला किंवा ढिला लागू शकतो.

दोन्ही कान सारखे वाजतात का हे बघायला महागडी चाचणी नको. जुनी भावगीतं, नाट्यपदं मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली, ध्वनिमुद्रित झालेली आहेत. तसं एखादं लावा. गाणाऱ्याचा आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला तर आधी ॲम्प्लिफायरचा बॅलन्स बघा, मग हेडफोन डावा-उजवा उलटा घाला. आवाजही उलट्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा किंवा मागच्या यंत्राचा, तिथेच राहिला तर तुमच्याच कानाचा.

दुसरी पायरी: ॲम्प्लिफायर, पण पिन लावायच्या आधी

मागची पट्टी वाचा. जपानमधल्या घरगुती वापरासाठी बनलेल्या सेटवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, अमेरिकेतल्या सेटवर १२०. आपल्याकडे २३०. थेट लावलात तर विषय तिथेच संपला. परदेशी विक्रीसाठी बनलेल्या अनेक जपानी सेटना मागे व्होल्टेज बदलायची चकती किंवा प्लग असतो. तो २२० किंवा २४० वर आहे ना, हे टॉर्च मारून बघा. चकती नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, पट्टीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा. जपानी १०० व्होल्टच्या सेटला ११० वाला देऊन भागवू नका, १०० चा बनवून मिळतो.

यानंतरची परीक्षा सिरीज बल्बची. जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर एक होल्डर आणि एक सॉकेट लावलेला लाकडी बोर्ड असायचा, तोच. ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब विजेच्या वाटेत सेटच्या आधी येतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंदावला तर ठीक: कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरले आणि सेट शांत झाला. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्बमुळे नुकसान तिथेच थांबतं, धूर निघत नाही. हा बोर्ड स्वतः बनवायचा अनुभव नसेल तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या. उघड्या तारा लोंबकळत ठेवून प्रयोग नकोत.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा कच्चा दुवा. आतलं द्रव सुकतं किंवा गळतं. वरचं झाकण फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट डाग, ही खूण. पण दिसायला चांगला कपॅसिटरही गेलेला असू शकतो. आणि हे लक्षात ठेवा: पिन काढल्यावरसुद्धा मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये तो काहीशे व्होल्टचा असतो. जुन्या एसी-डीसी व्हॉल्व्ह रेडिओंमध्ये तर पत्र्याची चासीच थेट विजेला जोडलेली सापडते. व्हॉल्व्हचं यंत्र नवख्याने उघडूच नये, यात घासाघीस नाही.

ट्रान्झिस्टरचा सेट बल्बच्या परीक्षेत पास झाला की स्पीकर न लावता मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांवर मोजा. दोन्ही बाजूंना ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. १०० च्या वर गेलं तर कारागिराला दाखवा. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसले तर स्पीकर आणि हेडफोन काहीच लावू नका, कॉइल जळेल.

सेट सुरू झाला, दिवे लागले, पण आवाज नाही? उघडायच्या आधी समोरचं 'टेप मॉनिटर' बटण बघा. ते दाबलेलं असलं की सेट टेप डेकची वाट बघत गप्प बसतो. जुन्या रिसीव्हरची निम्मी 'बिघाडं' या एका बटणाने बरी होतात. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे मोबाइलची वायर 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटात लावणं. ती 'ऑक्स'मध्ये लावायची. फोनोचं इनपुट सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतं. शिवाय तबकडी कोरताना बेस मुद्दाम कमी करून कोरलेला असतो आणि फोनोमध्ये तो परत वाढवला जातो. १९५४ पासून जगभर रुळलेला आरआयएए नावाचा हा ठराव. मोबाइल तिथे लावला की आवाज फाटतो आणि नुसता घुमतो.

नॉबची खरखर घालवायला सेट बंद करून, पिन काढून, काही वेळ थांबून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मागच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. तासभर वाळू द्या. सायकलच्या चेनला मारतात तो गंज काढायचा स्प्रे किंवा रॉकेल इथे वापरू नका. आठ दिवस बरं वाटतं, मग त्या तेलकट थरावर धूळ बसते आणि खरखर दुप्पट होते.

एक सवय आत्तापासूनच लावून घ्या: चालू करताना व्हॉल्यूम शून्यावर, हेडफोन कानावर नाही. जुने सेट सुरू होताना 'धप्' करतात. ज्यांच्यात संरक्षक रिले (आपोआप जोडला जाणारा स्विच) आहे ते काही सेकंदांनी 'टक्' वाजल्यावर आवाज सोडतात. ती टक् आली की हेडफोन घाला.

तिसरी पायरी: टर्नटेबल

पहिला खर्च नव्या सुईवर करा. सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, आणि तुमच्या हातात आलेलीने किती तास काढलेत हे सांगणारं कुणी नाही. झिजलेली सुई तबकडीची खाच कोरत जाते आणि ते नुकसान भरून येत नाही. नवी सुई येईपर्यंत चाचणीला ओरखडलेली, कुणाला नको असलेली तबकडी वापरा.

वेग तपासायला यंत्र नको. प्लॅटरवर (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर) कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावा. ३३⅓ च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. अमेरिकेतून आलेल्या, एसी मोटरच्या जुन्या टर्नटेबलमध्ये इथे गंमत होते. मोटर ६० हर्ट्झवर चालायला बनलेली, आपली वीज ५० ची. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज बरोबर केलं तरी हर्ट्झ तेच राहतात आणि वेग सहातला एक भाग कमी होतो. ३३⅓ च्या जागी २७.८. काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये उतरते, आणि तानासुद्धा डुलक्या घेत येतात. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली, किंवा असं मॉडेल टाळणं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांना हा त्रास नाही, त्यांचा वेग आतलं सर्किट ठरवतं.

टर्नटेबल पाणसळ ठेवून सपाट करा. मग सुईचं वजन. अँटी-स्केटिंग (सुईची मध्याकडची ओढ तोलणारी सोय) शून्यावर, सुईवरची टोपी काढलेली, सुई धरणारा यंत्राचा हात रेस्टवरून सोडवलेला. मागचं वजन फिरवत फिरवत हात आडवा, अधांतरी तरंगेल असं करा. तरंगला की वजनावरची आकड्यांची कडी फक्त शून्यावर आणा, वजन हलू देऊ नका. आता वजन कडीसकट फिरवून सुईच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर न्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला दोन ग्रॅम लागतात. अँटी-स्केटिंगही तितक्यावर. "तबकडी झिजू नये म्हणून कमी वजन ठेवतो" असं म्हणणारे भेटतील. सांगितलेल्यापेक्षा हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते, त्यापेक्षा किंचित जड परवडली. फिएस्टासारख्या जुन्या प्लेअरचं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो ठोकळा) यापेक्षा कितीतरी जड बसतं. त्यावर रोजच्या चार तबकड्या वाजवा, आजोबांनी जपलेला एलपी नको.

घुर्र आवाज येत असेल तर टर्नटेबलमधून येणारी एकटी बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या 'जीएनडी' स्क्रूला लावली आहे का बघा. घरातलं अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे ७८ च्या तबकड्या असतील तर त्या बहुधा लाखेच्या आहेत. भारतात साठच्या दशकातही त्या निघत होत्या, त्यामुळे मराठी घरांत नाट्यसंगीताच्या अशा तबकड्या अजून सापडतात. त्यांना अल्कोहोल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि त्याबरोबर गाणंही. त्यांची सुईसुद्धा वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा तीन-चार पट रुंद टोकाची. एलपीची बारीक सुई ७८ च्या खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

व्हिनाइलचे एलपी धुवायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. बोअरचं किंवा नळाचं पाणी वाळल्यावर क्षार खाचांत मागे राहतात. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मधलं लेबल ओलं होऊ देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, आणि उभं करून वाळवा. ठेवायच्याही उभ्याच. एकावर एक रचलेल्या तबकड्या मुंबईच्या एका मे महिन्यात पापडासारख्या वाकतात.

स्पीकर, थोडक्यात

जाळी काढून कोनच्या (स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याच्या) कडेची रिंग बोटाने हळूच दाबा. रबर किंवा कापडाची असेल तर बहुधा ठीक. फोमची असेल तर तिचा चुरा होणार, आज नाहीतर उद्या. यात घाबरायचं काही नाही, रिंग बदलून मिळते. पण दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: "फक्त रिंग बदला, कोन नको." नाहीतर कारागीर सवयीने सगळा कोन बदलतो आणि तुमच्या हातात स्पीकर येतो तो निराळ्याच आवाजाचा.

पावसाळा

आपल्याकडे यंत्रं वयापेक्षा दमटपणाने मरतात, कोकणात आणि मुंबईत तर जास्तच. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सेट चालू ठेवा, वाजवला तर उत्तमच. आतली ऊब ओल घालवते. वर प्लास्टिक घालू नका, आत वाफ धरते. सुती कापड पुरे. चालू असताना तेही काढा. हेडफोन डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्यांचे दाणे रंग बदलले की त्या पुन्हा वाळवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडमार्फत पुढच्या कॅसेटला लागते.

आणखी एक उपद्रव परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही: पाल. उबदार ॲम्प्लिफायरमध्ये ती जाळीतून शिरते, दोन टर्मिनलांमध्ये आडवी येते, आणि तिच्यासकट सेट जातो. मागच्या फटींना बारीक मच्छरजाळी लावा, पण हवा खेळती राहील अशी. विजांचा कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. लाइट जाऊन आली की लगेच सेट लावू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

कारागिराकडे देताना

व्हॉल्व्हचं काहीही, डीसी मोजणीत नापास झालेला ॲम्प्लिफायर, आणि बल्ब लख्ख ठेवणारा सेट या तीन गोष्टी कारागिराकडेच. जुन्या टीव्ही-रेडिओवाल्यांपैकी जे अजून दुकान उघडतात त्यांच्याकडे ट्रान्झिस्टरचं ज्ञान पक्कं असतं, वेळही असतो. सेट नेताना सर्किट डायग्राम छापून न्या. बऱ्याच जुन्या मॉडेलांचे सर्व्हिस मॅन्युअल शोधल्यास मिळतात आणि कारागिराचा अर्धा दिवस वाचतो. देण्याआधी झाकण उघडून आतले फोटो काढा. "सगळे कपॅसिटर बदलून टाका" असं सांगू नका. कुठला बिघडलाय ते शोधून तेवढाच बदला म्हणा, कारण सोल्डरचे जितके जास्त डाग तितक्या जास्त ठिकाणी नवी चूक व्हायची शक्यता. बदललेले ट्रान्झिस्टर कुठल्या नंबरचे घातले ते कागदावर लिहून घ्या, आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. त्यांच्यावरचा मूळ नंबर पुढच्या दुरुस्तीला लागतो.